गप्प बसणारं गिऱ्हाईक

३ फेब्रुवारी, सोमवार

पोरीनं ही वही दिली. म्हणाली, "बाबा, रोज कोण आलं, कसं वागलं, ते लिहीत जा. शिकायला बरं पडतं." पण कुत्र्यांची माहिती ती कार्डावर लिहून घेतेच, मग वहीत पुन्हा तेच कशाला? वहीत मी माझं लिहिणार. अडतीस वर्षं लोकांच्या डोक्यावर हात फिरवता फिरवता त्यांचं ऐकून घेतलं. आता जरा माझं.

तर, आज पहिला दिवस. रस्ता रुंद करताना माझं सलून गेलं त्याला दोन महिने झाले. घरात बसून मी भांड्यांच्या मांडणीत चुका काढायला लागलो, तेव्हा बायकोनं पोरीला सांगितलं की यांना तुझ्या दुकानात ने, नाहीतर मीच कुठंतरी जाते. पोरीचं दुकान म्हणजे कुत्र्यांचं सलून. सहा वर्षांपूर्वी तिनं ते काढलं तेव्हा मी विचारलं होतं, "माणसांची डोकी संपली का?" आता त्याच दुकानात सकाळी नऊला जाऊन उभा राहिलो. असो.

दुकान मात्र चोख ठेवलंय. पुढे काउंटर, मधे वरखाली होणारी दोन टेबलं, मागे आंघोळीचा टब. कात्र्यांना धार माझ्याइतकी नाही, पण ते मी बघेन.

पहिलं गिऱ्हाईक एक पांढरी कुत्री. नाव कापूस. माझ्या हाताखाली अशी बसली की बास! हलली नाही, डुलली नाही, वर दोन जांभया दिल्या. माझ्या खुर्चीत माणूस जांभई द्यायला लागला की मी समजायचो, हात बसला. मोठमोठे साहेब घोरायचे माझ्यापुढे. कार्डावर लिहिलं: 'अगदी शांत. जांभया दोन. खूष.' पोरीनं कार्ड वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि टॉवेलांच्या घड्या घालायला गेली. घड्या घातलेल्याच होत्या. पोरगी कामसू आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

चार दिवसांत नऊ कुत्री. एकानंही कुरकुर केली नाही. पोरीकडची कुत्री टेबलावर उठतात, वळतात, मधेच खाली उतरतात, आणि ही उतरू देते! अर्ध्या तासाच्या कामाला दीड तास. आज न राहवून गिऱ्हाइकासमोरच म्हणालो, "अगं, असं लाडात घेतलंस तर वर्षभर एकच कुत्रा पुरेल तुला. कंगवा असा धरतात का? आण इकडे." तिनं कंगवा दिला. ओठांवरून जीभ फिरवली, तोंड दुसरीकडे केलं आणि नळ सोडला. उलट उत्तर म्हणून नाही. लहानपणापासून अशीच. आजकाल कुणाची पोरं आईबापाचं असं ऐकून घेतात?

रात्री जेवताना बायकोला सांगितलं की सगळी कुत्री माझ्यापुढे चिडीचूप. ती म्हणाली, "तुमच्या हाताखाली सगळेच गप्प बसतात." तेहतीस वर्षांत पहिल्यांदा तिनं माझ्या हाताचं कौतुक केलं. वहीत नोंद असू दे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज ढग आला. राखाडी, कुरळ्या केसांचा, अकरा वर्षांचा थोराड कुत्रा. त्याची मालकीण शाळेतून निवृत्त झालेली, आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो. केसांची अवस्था बघवत नव्हती. पाठीवर, पोटाखाली, मांड्यांत गुंते असे घट्ट बसलेत की घोंगडी शिवल्यासारखी. खालची कातडी लाल झालीय, एका ठिकाणी जखम. बिचारा बसतानाही कुल्ला उचलून बसतो.

बाईंनी सगळं स्पष्ट सांगितलं. आधीच्या दोन सलूनवाल्यांना तो चावला. नंतर घरी विंचरताना चिरंजीवांना, म्हणजे बाईंच्या मुलाला. चिरंजीव महिना-दीड महिन्यात बायकोला आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन बाईंकडे राहायला येतायत. त्यांनी आईला बजावलंय: आणखी एकदा चावला तर त्याला डॉक्टरकडे नेऊन शेवटचं इंजेक्शन द्यायचं. भूल देऊन केस काढावेत म्हटलं तर हृदय कमजोर, डॉक्टर तयार नाहीत. म्हणजे जागेपणीच काढायचे आणि त्यानं चावायचंही नाही.

"जमेल?" बाईंनी पोरीला विचारलं. पोरगी विचार करत होती तेवढ्यात मी म्हणालो, "उद्या या. माझ्या हाताखाली दगडसुद्धा मऊ होतो." बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरगी म्हणाली, "बाबा, आपण आधी नुसतं..." मी म्हटलं, "मी आहे ना."

१२ फेब्रुवारी, बुधवार

चावला.

डाव्या हातानं लिहितोय. किती वेड्यावाकड्या रेघा येतायत!

सगळं नीट चाललं होतं. बाई बाहेर काउंटरपाशी, पोरगी मागे टबात एका पिल्लाला घेऊन. ढग टेबलावर उभा. जीभ दोनदा नाकावर फिरवली, मला वाटलं भूक लागलीय. खाऊ पुढे केला तर तोंड फिरवलं, वाटलं पोट भरलंय. एक जांभई दिली. मी खूष. मग अगदी स्तब्ध झाला. श्वाससुद्धा थांबल्यासारखा. डोळ्याच्या कडेनं माझ्याकडे बघत होता, पांढरं दिसत होतं. मी मनात म्हटलं, वा पठ्ठ्या, याला म्हणतात गिऱ्हाईक, आणि मांडीतला गुंता ओढला. एक गुरगुर नाही की भुंकणं नाही. सरळ उजव्या हाताचा अंगठ्याखालचा भाग.

बाई आत धावत आल्या. "काय झालं? चावला का हो?" त्यांचा चेहरा पांढराफटक. ढग टेबलाच्या कोपऱ्यात अंग चोरून उभा, टेबलावर त्याच्या पंजांचे ओले ठसे. हाताला नॅपकिन गुंडाळत मी म्हणालो, "छे हो. कात्री निसटली."

अडतीस वर्षांत माझ्या हातून ना गिऱ्हाइकाला कात्री लागली, ना मला. आणि आज भर दुकानात स्वतःच्या तोंडानं सांगितलं की निसटली! पण दुसरं काय सांगणार होतो?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काल पोरीनं काही न विचारता माझा हात साबण लावून पंधरा मिनिटं नळाखाली धरला आणि डॉक्टरकडे नेलं. टाके नाहीत, इंजेक्शनं आहेत. रिक्षात एवढंच म्हणाली, "कात्रीला चार दात नसतात, बाबा."

"बाईंना सांगू नकोस," मी म्हटलं.

"नाही सांगणार. पण घरी त्यांचं त्याच्यावर लक्ष असू दे, एवढं सांगते."

आज काम बंद म्हणून काउंटरवर बसून जुनी कार्डं चाळली. माझ्या प्रत्येक कार्डाखाली पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलंय. पोरीचं अक्षर. मी लिहिलं, 'शांत, जांभया दोन, खूष.' खाली: 'झोपेची वेळ नाही. जांभई म्हणजे ताण. थांबायला हवं होतं.' मी लिहिलं, 'पुतळ्यासारखा बसला.' खाली: 'गोठला होता.' मी लिहिलं, 'शेपूट हलवली, मजेत.' खाली: 'शेपूट खाली, कडक, नुसतं टोक हलतंय. घाबरलाय.' एकही कार्ड सुटलं नव्हतं! एकही कुत्रा माझ्याकडे खूष नव्हता म्हणे.

संताप झाला. पाठीमागून चुका काढायच्या! समोर बोलायला काय झालं होतं?

१५ फेब्रुवारी, शनिवार

विचारलं. दुकान बंद करताना कार्डं तिच्यापुढे टाकली. "मला आधी का सांगितलं नाहीस?"

तिनं कार्डं गोळा केली. मग म्हणाली, "सांगितलं होतं, बाबा. दोनदा."

"मी काय म्हणालो?"

"'कालची पोर तू, मला हात धरायला शिकवतेस?'"

म्हणालो असेन. माझ्या तोंडी शोभतं ते. चहा मागवला. मग म्हटलं, "बरं, आता सांग."

पोरीनं सांगितलं ते असं. कुत्रा घाबरला की लगेच चावत नाही. आधी बारीक बारीक खुणा करतो. ओठ चाटतो, जांभई देतो, तोंड फिरवतो, पंजा उचलतो, कान मागे घेतो, आवडता खाऊसुद्धा नाकारतो. तरी आपण ऐकलं नाही की गोठतो. मग गुरगुरतो. मग दात. खुर्चीतला माणूस शांत बसतो कारण त्याला कधीही उठून जाता येतं. टेबलावरच्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा असतो. जायला वाट नाही म्हटल्यावर तो शांत बसतो, पण ती शांतता वेगळी.

तासभर बोलत होती. मधेच थांबायची, माझ्या चेहऱ्याकडे बघायची, मग पुढे. हिला इतकं बोलता येतं हे मला माहीतच नव्हतं. कुठं शिकली हे सगळं? मी तर फक्त कंगवा धरायला शिकवला होता. आतून बरं वाटलं. पण तिला म्हटलं, "ठीक आहे, बघू." लगेच डोक्यावर बसवायचं नसतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

तीन दिवस नुसता स्टुलावर बसून बघतोय. कात्रीला हात नाही. आधी काही दिसेना, आता इतकं दिसतं की डोकं फिरायची वेळ आली. एक तपकिरी कुत्रा दारातून आत येण्याआधीच शेपूट पोटाखाली घेतो. एका छोट्याचे केस ड्रायर लावल्याबरोबर भसाभस गळायला लागतात, तीही भीतीच, मला वाटायचं ऋतू बदलला. आणि कापूस! माझी पहिली लाडकी. तिला टेबलावर ठेवलं की पुढचा एक पंजा अलगद वर येतो. मी कौतुकानं तो धरून हात मिळवत होतो. हे राम!

आज मात्र पोरीच्या आधी मला दिसलं. तिनं केस कापायचं मशीन सुरू केलं, कुत्र्यानं जीभ फिरवली, आणि मी स्टुलावरून ओरडलो, "थांब, थांब! चाटले ओठ!" माझ्या ओरडण्यानंच कुत्रा टेबलाखाली गेला. पोरगी खो खो हसली. माझ्यावर हसली! मीही हसलो.

२४ फेब्रुवारी, सोमवार

ढगाचं पुन्हा सुरू. बाईंना सांगितलं की आठवड्यातून तीनदा आणा, सकाळी, दुकानात दुसरं कुणी नसताना. टेबल नाही, पट्टा नाही, मशीन नाही. मशीनची घरघर त्याला सोसत नाही. माझी जुनी हातकात्री आणि माझी बोटं.

आज मी जमिनीवर बसलो, गुडघे कुरकुरले. ढग लांब कोपऱ्यात. वीस मिनिटं मी भिंतीकडे बघत बसलो, कारण पोरीचा हुकूम होता की रोखून बघायचं नाही. जुन्या सलूनच्या चौकातल्या कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, उस्तादांचं (तिथं मला उस्तादच म्हणतात) डोकं फिरलं. शेवटी तो आला, माझी चप्पल हुंगली आणि अंग झाडलं, कानापासून शेपटीपर्यंत. पोरगी म्हणाली, ताण उतरला की असं झाडतात. एक केसही कापला नाही. तरी घरी येताना छाती दोन इंच फुगली होती.

३ मार्च, सोमवार

पहिला गुंता निघाला! कानामागचा. दोन बोटं कातडीवर, कात्री बोटांवर, म्हणजे लागली तर मला लागेल. एक कट, हात बाजूला. त्यानं जीभ फिरवली, मी थांबलो. त्यानं पुन्हा मान माझ्याकडे टाकली, मग दुसरा कट. माणसाच्या डोक्याला असा वेळ दिला असता तर दिवसाला दोनच गिऱ्हाइकं झाली असती. पण हे हात याच कामासाठी ठेवलेत की काय असं वाटलं. पोरगी मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "बाबा, असं मला नाही जमत. मला मशीनच लागतं." ऐकलं? तिला नाही जमत!

७ मार्च, शुक्रवार

चार गुंते. पाठ अर्धी मोकळी.

१० मार्च, सोमवार

ढग गुरगुरला!

पोटाखालच्या जखमेजवळ बोट गेलं आणि घशातून बारीक आवाज आला. मी झटकन हात काढला आणि म्हटलं, "शाब्बास रे माझ्या राजा!" बाईंना वाटलं मला वेड लागलं. त्या त्याला दटावायला लागल्या, तर मी त्यांनाच दटावलं. तेव्हा त्यांनी सांगितलं की पूर्वी तो गुरगुरायचा. चिरंजीव दर वेळी गुंडाळलेला पेपर मारायचे. मग गुरगुरणं बंद झालं. घरच्यांना वाटलं, सुधारला.

म्हणजे बोलायची सोय काढून घेतली आणि मग म्हणायचं, न सांगता चावतो! मला इतका राग आला चिरंजीवांचा. एखाद्याला इतकं दाबावं की त्यानं तोंडच उघडू नये, आणि वर त्यालाच गुणी म्हणावं? असे कसे लोक असतात! पोरीला हे बोलून दाखवलं. ती माझ्याकडे बघत राहिली, काहीतरी बोलणार असं वाटलं, पण टॉवेलांच्या घड्या घालायला लागली.

२१ मार्च, शुक्रवार

मांड्या झाल्या, पोट झालं, जखम सुकली. आता तो सरळ बसतो. दारातून आत येताना आज शेपूट सैल होती, डावी-उजवीकडे कमरेसकट हलत होती. कार्डावर मी सगळं लिहिलं: कान, डोळे, तोंड, शेपूट, पंजे. संध्याकाळी बघितलं, खाली पेन्सिल नव्हती.

चिरंजीव पुढच्या शनिवारी स्वतः बघायला येतायत. सोमवारी कुटुंब येणार, त्याआधी निकाल. हे सांगताना बाई ढगाचा कान कुरवाळत होत्या. मलाही भीती वाटली, हे इथंच लिहितो, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

२९ मार्च, शनिवार

नीट सगळं लिहून ठेवतो.

चिरंजीव आले, इस्त्रीचा शर्ट, हातात फोन. बाई खुर्चीत, ढग जमिनीवर माझ्याजवळ. शेपटीच्या बुडाशी दोनच गुंते राहिलेले. मी सुरुवात केली. मधे ढग गुरगुरला, मी हात काढला. चिरंजीव लगेच, "बघा! हा चावणार. घरात लहान पोर आहे हो माझं."

बापाची भीती खोटी नव्हती. म्हणून म्हटलं, खरं बोलावं. मी त्यांना अंगठ्याखालचा व्रण दाखवला. "हा ढगानं केलाय. बारा फेब्रुवारीला. तुमच्या आईला मी कात्री लागली म्हणून सांगितलं. ते खोटं होतं."

बाईंनी तोंडावर हात घेतला. चिरंजीव उभेच राहिले.

"चावायच्या आधी त्यानं मला पाच वेळा सांगितलं होतं," मी म्हणालो. "मला कळलं नाही. आता तो गुरगुरून सांगतो आणि मी ऐकतो, म्हणून त्याला दात काढावे लागत नाहीत. तुमच्या मुलीला तुम्ही एवढंच शिकवा, गुरगुरला की लांब व्हायचं. आणि तो पेपर मारणं बंद करा."

चिरंजीवांनी फोन खिशात टाकला. एक गुंता मी काढला, सुरेख. शेवटचा राहिला. आता लोक बघतायत म्हटल्यावर माझ्या अंगात यायला लागलं. वाटलं, हा एक सफाईनं उडवला की चिरंजीव गार. "दोन मिनिटं," मी म्हणालो आणि शेपूट धरली. ढगानं तोंड फिरवलं. मला दिसलं. दिसूनही मी कात्री पुढे नेली.

"बाबा, बास. हात काढा."

पोरगी. काउंटरमागून. सगळ्यांसमोर. आवाज मोठा नव्हता, पण थरथरत होता. मी वर बघितलं. खांदे आखडलेले, ओठ कोरडे, डोळे माझ्यावर. पाय मात्र जागचे हलले नाहीत. "त्यानं 'नाही' म्हणून सांगितलंय," ती म्हणाली. "आज नाही करायचं."

एवढ्या वर्षांत ती मला पहिल्यांदा नाही म्हणाली. जुन्या सवयीनं माझ्या तोंडात काहीतरी आलंच होतं. पण तिचा चेहरा असा का झालाय, हे त्या क्षणी मला कळलं. तिला मीच भीती घातलीय, आजची नव्हे, कितीतरी वर्षांची. ते कुणी मला सांगायची गरज उरली नव्हती.

मी हात काढले. कात्री जमिनीवर ठेवली. म्हणालो, "तुझं बरोबर आहे. माझं चुकलं."

ढगानं अंग झाडलं आणि जाऊन चिरंजीवांचे बूट हुंगले. चिरंजीव खाली वाकले आणि त्यांनी माझ्या पोरीला विचारलं, "हात लावू?" ती म्हणाली, "त्याला आधी वास घेऊ द्या. मग छातीवर, डोक्यावर नको." त्यांनी तसं केलं. बराच वेळ तसं केलं. उठताना आईला म्हणाले, "इंजेक्शनचं राहू दे. सोमवारी या ताईंना घरी बोलावू, आमच्या पोरीला सगळं समजावून सांगतील." मला नाही, ताईंना. बाई रडल्या. ढग शेपटीवरचा एक गुंता तसाच घेऊन घरी गेला. अर्धवट काम माझ्या हातून आजवर दाराबाहेर गेलं नव्हतं.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. तिनं हातातलं काम ठेवलं. "ती बोलली? तुम्हाला?"

"हो."

"आणि तुम्ही?"

"मी ऐकलं."

ती खाली बसली आणि पदरानं डोळे पुसत राहिली. मी पाणी आणून दिलं.

उद्या रविवार, दुकान बंद. पण मी सकाळी चौकात जाणार, जुनी गिऱ्हाइकं भेटतील त्या प्रत्येकाला थांबवणार आणि सांगणार की काल माझ्या पोरीनं मला चारचौघांत गप्प केलं.